कार्बोरेटरची शिष्टाई

कार्बोरेटरचा एक स्क्रू जरासा फिरवायचा, एवढंच शिफेरावने ठरवलं होतं. जरासा म्हणजे किती, हे तेवढं ठरवायचं राहिलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

त्याचं असं झालं. शिफेरावची बायको येशी, तिचा धाकटा भाऊ हेनोक. हा हेनोक अदिस अबाबाच्या शिरोमेडा भागातल्या सोस्ना नावाच्या मुलीवर असा काही भाळला, की जेवता जेवता घास हातात धरून बसायचा. सोस्नाचा बाप आतो (म्हणजे श्रीयुत) तेरेफे पांढऱ्या शालींचा व्यापारी. आता मुलगी मागायला मुलगा स्वतः थोडाच जातो? तीन पोक्त माणसं जातात, अंगावर पांढरीशुभ्र गाबी (म्हणजे आपली जाड सुती चादरच) पांघरून. मुलीचा बाप म्हणतो, "बसा." हे म्हणतात, "आधी शब्द द्या, मग बसू." अशी ओढाताण चालते, आणि शेवटी पाहुण्यांना उभं ठेवायची लाज वाटून बाप कबूल होतो. निदान कबूल व्हायच्या वाटेला तरी लागतो.

पण तेरेफेचं प्रकरण अवघड होतं. मागे एका चांगल्या मुलाची माणसं त्याने परत पाठवली होती, का, तर त्यातल्या एकाच्या गाबीवर कॉफीचा डाग होता. शिवाय पुढच्या आठवड्यात एका सोनाराचं स्थळ येणार होतं. म्हणजे हा रविवार हुकला की हेनोकने घास हातात धरून जन्म काढायचा.

दोन पोक्त माणसं ठरलेली होती. गाशे (म्हणजे आपले काका) लेगेसे, ज्यांच्या नुसत्या दाढीवर गल्लीतली निम्मी लग्नं जमली होती, आणि गाशे वोर्कू, जे मुळात बोलतच नसत, त्यामुळे फार विचारी समजले जात. तिसरा म्हणून त्यांनी शिफेरावला बोलावलं. शिफेराव पाणी खात्यात कारकून. आजवर त्याला कोणी वडीलधाऱ्यात धरलं नव्हतं. ऑफिसात तर शिपाईसुद्धा त्याचं ऐकत नसे. त्याला भरून आलं. आपल्या अंगी पोक्तपणा आलाय हे शेवटी लोकांना दिसलं, असं तो म्हणाला.

"वोर्कूचे गुडघे गेलेत," लेगेसे म्हणाले. "तिकडे चढ आहे. आणि तुझ्याकडे गाडी आहे."

(हे शेवटचं शिफेरावने ऐकलं नाही. माणूस आनंदात असला की कान मिटतात.)

गाडी म्हणजे जुनी निळी बीटल. इंजिन मागे, डोळे पुढे, आणि खोड एकच, पेट्रोल अधाशासारखं प्यायची. पिऊन पचवलं असतं तर एक वेळ ठीक; ही मागून काळा धूर ओकायची. प्लग काढावा तर चुलीतून काढल्यासारखा. येशी म्हणाली, अहो, सरळ मेकॅनिककडे टाका, नाहीतर टॅक्सी करा. शिफेराव हसला. आपल्या अदिस अबाबात उंचीमुळे हवा विरळ, हवा कमी म्हणून पेट्रोल जास्त, एक स्क्रू आत घेतला की विषय संपला, असं त्याने तिला समजावलं. आणि खरं सांगायचं तर यात चूक काही नव्हतं. फक्त एक अट होती. स्क्रू फिरवायचा तो इंजिन चांगलं तापलेलं असताना.

हेही शिफेरावला माहीत होतं. शनिवारी दुपारी त्याने इंजिन चालू करून छान तापवलं, बाह्या सरसावल्या, स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि आतून सासूबाईंची हाक आली, "जावईबापू, कॉफी." आता कॉफी म्हणजे काही घोटभर पिऊन उठायचा मामला नाही. दाणे भाजायचे, कुटायचे, उकळायचे, आणि मग एकामागून एक तीन वाट्या. तिसरी आशीर्वादाची, ती सोडून उठणारा जावई त्या घरात अजून जन्मायचा होता. शिफेरावने इंजिन बंद केलं. आशीर्वाद घेऊन बाहेर आला तेव्हा इंजिन गार.

पुन्हा तापवलं. तेवढ्यात शेजारीण आली. तिच्या मुलाला नोकरी लागली होती, कॉफी ठेवली होती, आणि शिफेराव आला नाही तर ती वर्षभर येशीला बोलून दाखवणार होती. परत तीन वाट्या. परत इंजिन गार. मग त्याने तिसऱ्यांदा तापवलं आणि येशीच्या मावशी आल्या. मावशींना कॉफीला सोबत नको का? संध्याकाळ झाली तेव्हा शिफेरावच्या पोटात नऊ वाट्या कॉफी आणि नऊ वाट्यांइतकी धडधड होती, आणि इंजिन थंडगार.

"आता कुठे तापवत बसू?" असं म्हणून त्याने तसाच हात घातला.

थंड इंजिनाला आपोआप चोक लागतो, म्हणजे जास्तीचं पेट्रोल त्याला वरून मिळतच असतं. त्यामुळे शिफेराव स्क्रू आत घेत गेला, घेत गेला, तरी गाडीने तक्रार केली नाही. उलट धूर थांबला. गाडी मांजरासारखी गुरगुरू लागली. त्याने सगळ्या घराला बाहेर बोलावून ते गुरगुरणं ऐकवलं.

"झकास," येशी म्हणाली. "आता तिला हात लावू नका."

रविवारी प्रार्थना आटोपून तिघे निघाले. लेगेसे पुढे, वोर्कू मागे, दोघांच्या गाब्या अशा पांढऱ्या की बघताना डोळे बारीक करावे लागत. शिफेरावने आपली गाबी घडी करून मांडीखाली ठेवली होती, म्हणजे गाडी चालवताना चुरगळायला नको. (मांडीखाली ती कशी चुरगळणार नव्हती, हे तोच जाणे.) सपाटीवर गाडी सुरेख चालली. लेगेसेसुद्धा म्हणाले, बरी चालते रे. मग शिरोमेडाचा चढ लागला, इंजिन तापलं, चोक सुटला, वरचं पेट्रोल बंद झालं, आणि कालच्या स्क्रूने उपाशी ठेवलेली ती गाडी दोन आचके देऊन थांबली.

शिफेराव शांतपणे उतरला. मागचं झाकण उघडून त्याने स्क्रू बाहेर घेतला. मग चढ आहे म्हणून आणखी थोडा घेतला. मग हेनोकचा चेहरा आठवला म्हणून आणखी थोडा. गाडी चालू झाली ती असा धूर सोडत, की मागे येणारं गाढव थांबून विचार करू लागलं. शंभरेक पावलांवर प्लग पेट्रोलात न्हाऊन बंद पडले.

आता ढकलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वास्तविक धाकट्याने ढकलावं आणि थोरल्यांनी बसावं. पण दोघा थोरल्यांपैकी गाडी कोणालाच चालवता येत नव्हती. तेव्हा लग्न जमवायला निघालेली ती दोन पूज्य माणसं बीटलच्या मागे, नेमकी धुराच्या नळ्यांसमोर उभी राहिली. शिफेराव खिडकीतून म्हणाला, "हं, लावा जोर." गाडी फुर्रकन काळा फवारा सोडायची, चार पावलं जायची, पुन्हा थांबायची. पुन्हा जोर. शिरोमेडाचा तो रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना नुसत्या पांढऱ्या शाली टांगलेल्या. दुकानदारांनी एकदा गाडीच्या मागे पाहिलं आणि भराभर माल आत ओढला. वर्दी पुढे पुढे जात राहिली. बीटल तेरेफेच्या दारात पोचली तेव्हा त्याच्या दुकानाबाहेर एकही शाल नव्हती आणि तो स्वतः उंबऱ्यात उभा होता.

लेगेसेंची दाढी काळी झाली होती. जवानीतही ती इतकी काळी नसावी. वोर्कू छातीपासून गुडघ्यापर्यंत कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे. पांढरा असा एकटा शिफेराव, मांडीखालची गाबी कोपरांनीच अंगावर ओढलेला. पण त्याचे हात असे बरबटलेले, की तेरेफेने हात पुढे केल्यावर त्याने बिचाऱ्याने मनगट पुढे केलं.

बैठकीत कोचावर, खुर्च्यांवर, जिथे बघाल तिथे दुकानातून उचलून आणलेल्या पांढऱ्या शालींच्या घड्या. लेगेसेंनी घसा साफ केला आणि ठेवणीतलं वाक्य काढलं, "आतो तेरेफे, आम्ही एक मागणं घेऊन आलोय. ते मान्य होईपर्यंत आम्ही बसणार नाही."

"बरं," तेरेफे म्हणाला.

अशी पाळी लेगेसेंवर उभ्या हयातीत आली नव्हती. बाप आग्रहच करीना. 'बसा' म्हणायच्या ऐवजी तो कोचाच्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. लेगेसेंनी हेनोकची सगळी लायकी सांगून टाकली. शिकलेला आहे, दारूला शिवत नाही, आईचा शब्द खाली पडू देत नाही. तेरेफे हूं हूं करत होता आणि वोर्कूंच्या गाबीचं टोक खुर्चीपासून किती लांब आहे ते बघत होता. वोर्कूंचे गुडघे थरथरू लागले. शिफेरावला वाटलं, संपलं. हेनोक आता खंगून जाणार, येशी जन्मभर बोलणार, आणि आपल्याला पुन्हा कोणी वडीलधाऱ्यात धरणार नाही. त्याला खरोखर रडू आलं.

तेरेफे आत गेला. बायकोशी बराच वेळ कुजबुजला. बाहेर येऊन म्हणाला, "मुलाबद्दल आमचं काही म्हणणं नाही. सोस्नाचं मन आम्हाला ठाऊक आहे. पण घरातून एकच विचारतायत. मुलगा घरातल्या वस्तू स्वतः दुरुस्त करतो का? गाडी वगैरे?"

लेगेसे विचारात पडले. इथे हो म्हणणं शहाणपणाचं की नाही? तेवढ्यात शिफेरावला आपला पोक्तपणा दाखवायची संधी दिसली.

"अजून नाही करत," तो म्हणाला. "पण मी शिकवीन ना त्याला."

आत कसलंसं झाकण खाली पडलं. तेरेफेचा चेहरा उतरला. लेगेसेंनी आपला काळा हात शिफेरावच्या पांढऱ्या गाबीवर ठेवून त्याला हळूच मागे सारलं.

"आतो तेरेफे, हेनोकला पक्कड आणि चमचा यातला फरक कळत नाही. देवाच्यान सांगतो. आणि हा माणूस त्या दोघांच्या घरातल्या कुठल्याही यंत्राच्या आसपास फिरकणार नाही, ही हमी माझी."

"माझीपण," वोर्कू म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा तो पहिलाच शब्द.

तेरेफेने आतल्या दाराकडे पाहिलं. तिथून काही आवाज आला नाही.

"मग दिली मुलगी," तो म्हणाला, आणि अंगणातून तीन लाकडी स्टुलं मागवली.

घरी येऊन शिफेरावने सगळं सांगितलं. (हमीचं तो गाळणार होता, पण लेगेसे सोबत होते.) येशी आनंदाने रडली, हेनोकला मिठी मारून रडली, लेगेसेंच्या दाढीवरची काजळी पुसतानाही रडली. मग ती शिफेरावकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या वेळी तुमच्याकडून आलेल्या माणसांना आमच्या बाबांनी हे का नाही विचारलं?"