ठकीला हात लावू नका

पगारे काका पडलेल्या यंत्राला "लागलं का गं?" असं विचारतात. मनातल्या मनात नाही, मोठ्याने, चारचौघांत. यंत्र म्हणजे त्यांनी स्वतः बनवलेला रोबो. नाव ठकी. भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर, खेळण्यातल्या ट्रकची चाकं आणि जेवणाच्या डब्याचं झाकण, एवढा तिचा देह.

काका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. नाशिकरोडला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो, इंजिनिअरिंग शिकतो. काकू नाहीत, मुलगा बंगळुरूला. खाली काका आणि ठकी.

शहरात दरवर्षी हौशी लोकांची रोबो स्पर्धा भरते. रोबोने आपला आपण चढ चढायचा, अरुंद फळीवरून जायचं आणि पलीकडचा झेंडा पाडायचा. कडक नियम एकच: शिट्टी वाजली की हात लावायचा नाही. काका दरवर्षी भाग घेतात आणि दरवर्षी याच नियमात बाद होतात. ठकी पडली की धावत जाऊन उचलतात, बाहीने पुसतात. परीक्षक नाव खोडतात.

"खोडू दे," काका म्हणतात. "पडलेलं बघत उभं राहायचं, ही काय रीत झाली?"

यंदा मी त्यांचा जोडीदार झालो. पहिल्या बक्षिसाबरोबर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात उन्हाळी ट्रेनिंग मिळणार होतं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. कुठे ओळख नाही, इंग्रजी बोलताना अडखळतो. अशा ठिकाणी शिरायला मला दुसरं दार माहीत नव्हतं. म्हणून मी ठकीला एक हात बसवला. उलटली की तिने हात टेकून स्वतःच सरळ व्हायचं.

"काका, तुम्ही फक्त थांबायचं."

"थांबतो रे इंजिनिअर. हात खिशात घालून थांबतो."

स्पर्धेच्या हॉलमध्ये बाकीच्या टीम एकसारख्या टी-शर्टमध्ये होत्या. काका लग्नाच्या सफारीत, आणि ठकी बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेली. शेजारच्या टीममधला एक जण म्हणाला, "आजोबा, बारसं आहे का?" सगळे हसले. काकाही हसले. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने जरा लांब सरकलो. लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचीही लाज वाटत होती.

शिट्टी वाजली. ठकी चढ झकास चढली. फळीच्या तोंडाशी चाक घसरलं आणि ती उताणी पडली. काकांचे हात खिशात. ठकीचा हात हळूहळू बाहेर आला, खाली टेकला, अंग थोडं वर उचललं गेलं... आणि काका धावले.

"लागलं का गं?"

अख्खा हॉल खदाखदा हसला. "अहो, ती उठतच होती की!" परीक्षक म्हणाले. काकांनी एकदा ठकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मान जी खाली घातली ती वर केलीच नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

परतताना रिक्षात ठकी काकांच्या मांडीवर होती. द्वारका चौक ओलांडल्यावर काका म्हणाले, "तुझं ट्रेनिंग गेलं ना रे?"

"असू द्या काका."

"असू कसं द्या? माझा पोरगा लहानपणी पडला की मी घरात सगळ्यांना दम द्यायचो, कोणी उचलायचं नाही, आपला आपण उठेल. उठायचा बिचारा. आता तिकडे आजारी पडला तरी मला इतरांकडून कळतं. विचारलं तर म्हणतो, मजेत आहे." ते बाहेर बघत राहिले. "ठकी हात टेकून आपली आपण उठताना दिसली मला. दिसली म्हणूनच धावलो."

घराशी उतरलो तेवढ्यात वडिलांचा, आप्पांचा फोन आला. ते झेंडू घेऊन मार्केटला आलेले.

"काय भाऊ, बरं हाय ना?"

मी नेहमी मजेतच असतो. परीक्षेत विषय राहिला तेव्हाही मजेत होतो.

"नाय आप्पा," मी म्हणालो. "आज हरलो. लय वाईट वाटतंय."

पलीकडचा बाजाराचा गलका लांब गेला; ते बाजूला सरकले असावेत. मग आप्पा म्हणाले, "मंग तिथं एकटा कशाला बसला? सांच्याला घरी ये."

काका दाराच्या कुलपात किल्ली घालून तसेच उभे होते. दुसऱ्याच्या घरचं बोलणं ऐकू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं. पण आत काही ते गेले नाहीत.