संदर्भसूचीत नाव नाही

प्राचीन ग्रीक महाकाव्यांवरचा निबंध तपासण्याची सरांची एक खास पद्धत होती. ते थेट शेवटचं पान उघडत आणि संदर्भसूचीत स्वतःचं नाव शोधत. नाव सापडलं की निबंध ‘अभ्यासपूर्ण’. दोनदा सापडलं की ‘मौलिक’. नाव नसलं, तर मात्र सर चष्मा पुसून निबंध खरोखरच वाचायला घेत आणि लेखकाचे ग्रह फिरत.

त्या रविवारी सकाळी एका संशोधन-नियतकालिकाकडून असाच एक निबंध तपासायला आला. लेखकाचं नाव अर्थातच काढलेलं. तपासणाऱ्याला लेखक कळू नये आणि लेखकाला तपासणारा, असा या क्षेत्राचा दंडकच आहे. विद्वान माणसं एकमेकांना जिवंत सोडतील, असा भरवसा कुणालाच नाही.

सरांनी शेवटचं पान उघडलं. पुन्हा पाहिलं. चष्मा पुसला.

“अगं, ऐकलंस का?” ते ओरडले. “महाकाव्यातल्या नौकांवर निबंध लिहिलाय, आणि मी नाही त्यात!”

बायको भूलतज्ज्ञ होती. रुग्णालयात ती माणसांना औषध देऊन झोपवायची. सर तेच काम वर्गात विनाऔषध करायचे.

“तुम्ही नौकेत कशाला हवे होतात?” तिने विचारलं.

“नौकेत नाही गं, सूचीत!”

सरांचा संताप अगदीच अनाठायी नव्हता. त्या महाकाव्यांत नौकेला नेहमी ‘वेगवान’ म्हणतात. ती वर्षानुवर्षं वाळूवर पडून असली तरी वेगवानच. असं का? तर तोंडपाठ गाणाऱ्या गायकाला वृत्तात चपखल बसणारं तयार विशेषण लागायचं, म्हणून. साध्या माणसाला ही गोष्ट दोन वाक्यांत कळते. सरांनी तिच्यावर उभं आयुष्य वेचलं होतं आणि विषय अजून संपला नव्हता. आता हा कोण निनावी दीडशहाणा तोच प्रश्न आणि तेच उत्तर घेऊन आला होता!

“कोण असेल हो हा?” बायकोने विचारलं.

“कोण काय विचारतेस? उपप्रश्न!” सर म्हणाले.

उपप्रश्न म्हणजे शेजारच्या खोलीत बसणारे प्राध्यापक. कुणाचंही व्याख्यान संपलं की ते हात वर करून “एक छोटासा उपप्रश्न” म्हणत आणि व्याख्यात्याला घाम फोडत. विभागप्रमुख निवृत्त होत होते. त्या खुर्चीला दोनच दावेदार, सर आणि उपप्रश्न. अट एकच : या वर्षात या नियतकालिकात एक नवा निबंध छापून आलेला हवा. सरांनी आपला निबंध केव्हाच पाठवला होता आणि ते उत्तराची वाट बघत होते.

“माझंच चोरून माझ्याच खुर्चीवर बसायला निघालाय!”

बायकोने एक पान उचलून वाचलं. “अहो, ही भाषा ओळखीची वाटते. ‘येथे हे नमूद करणे अगत्याचे ठरावे.’ हे तर तुम्ही दूधवाल्यालाही म्हणता.”

“म्हणजे भाषासुद्धा चोरली!”

“तुमचाच तर नाही ना हा?”

“वेडी आहेस का? माझ्या निबंधात माझं नाव नसेल?”

या युक्तिवादापुढे बायको काय बोलणार? शिवाय सर स्वतःचे निबंध फक्त लिहीत, वाचत नसत. वाचण्याचं काम त्यांनी जगावर सोपवलं होतं आणि जगाने ते अंगाला लावून घेतलं नव्हतं.

सरांनी अभिप्राय लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. “लेखक निर्लज्ज असून एकही विचार त्याचा स्वतःचा नाही. सर्व मुद्दे एका ज्येष्ठ विद्वानाच्या लेखनातून उचललेले आहेत. भाषा असह्य कंटाळवाणी आहे.”

“हे शेवटचं बाकी अगदी खरं लिहिलंत,” बायको मनापासून म्हणाली.

संपादकबाईंचा लगेच फोन आला. “सर, चोरीचा आरोप फार गंभीर आहे हो. पुरावा लागेल.”

पुराव्याला काय तोटा! सरांनी आपला जुना निबंध काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि सारखी वाक्यं अधोरेखित करत सुटले. शेवटी रेघ नसलेली ओळ शोधावी लागली.

“लेखकाला आधी खासगीत विचारून पाहू का?” बाई म्हणाल्या.

“खासगीत? चोराला? समिती बसवा! सगळ्यांसमोर नाव उघड करा!”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. समिती बसली. सर नवा शर्ट घालून तक्रारदाराच्या खुर्चीत जाऊन बसले. समोरची आरोपीची खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात उपप्रश्न आत आले.

“या, या,” सर गोड हसून म्हणाले. “तुमची जागा ती समोर.”

“समोर कशाला? मी अध्यक्ष आहे,” उपप्रश्न म्हणाले आणि मधल्या खुर्चीत बसले.

सरांचं हसू तोंडावरच थिजलं. संपादकबाईंनी, तोवर त्यांनाही ठाऊक नसलेलं, कार्यालयातून मागवलेलं लेखकाचं नाव वाचलं. मग सरांकडे पाहिलं. मग पुन्हा नाव वाचलं.

“सर, पाणी देऊ का?”

“पण... सूचीत माझं नाव नव्हतं!”

“लेखक ओळखू येऊ नये म्हणून कार्यालय त्याचं नाव सूचीतूनही काढतं, सर. तुमचं काढल्यावर सूचीत फारसं काही उरलंच नाही.”

“एक छोटासा उपप्रश्न,” अध्यक्ष म्हणाले. “तक्रारदाराला आरोपीबद्दल काही सांगायचंय?”

सरांनी घाम पुसला. “तसा... सज्जन माणूस आहे.”

“अभिप्रायात तर निर्लज्ज म्हटलंय.”

“रागाच्या भरात म्हणतो माणूस! आपलेच दात, आपलेच ओठ. मी तक्रार मागे घेतो. स्वतःच्या घरात कुणी चोरी करतं का?”

“मान्य. चोरी झालेली नाही,” उपप्रश्न म्हणाले. सरांच्या जिवात जीव आला. “पण या निबंधात एकही ओळ नवी नाही, हे तुम्हीच रेघा मारून दाखवलंत. अट नव्या निबंधाची आहे. मग हा छापायचा कसा?”

अध्यक्षच खुर्चीचे दुसरे दावेदार होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरांनी काम इतकं चोख केलं होतं की पक्षपात करायला जागाच उरली नव्हती. निबंध नाकारला गेला. खुर्ची कुणाकडे गेली, ते सांगायला नको.

घरी बायको वाटच बघत होती. सर पायांतले बूटही न काढता पलंगावर बसले.

“काय झालं हो?”

“गेली खुर्ची.” सर म्हणाले. बायकोने जवळ बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“आणि तो तुमचा अभिप्राय?”

सरांनी मान वर केली. चेहऱ्यावर हळूहळू थोडं तेज आलं.

“तो शब्दन्‌शब्द मान्य झाला. अगं, इतक्या वर्षांत माझं लिखाण एकमताने स्वीकारलं गेलं, ते आज पहिल्यांदा!”