डाव्या पायातली चप्पल

एकाच पायात चप्पल घालायची असं मी ठरवलं, तेव्हा त्यात काही चुकतंय असं मला अजिबात वाटलं नव्हतं. (अजूनही फारसं वाटत नाही. पण माझं आता कोणी ऐकत नाही.)

मी इंद्रभान. वडनेर भोलजीच्या सहकारी सोसायटीत कारकून आहे. पण कारकून मी सोसायटीच्या दारापुरता. दाराबाहेर, नांदुऱ्यापासून मलकापूरपर्यंत कुणालाही विचारा, मी पायाळू. शहरगावच्या वाचकांसाठी सांगतो: जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी बाहेर येतात, तो पायाळू. कुणाच्या कंबरेत चमक भरली, माणूस वाकला तो वाकलाच राहिला, की पायाळूनं त्याच्या कंबरेवर तीन लाथा मारायच्या. हलक्याच, पण लाथाच. माणूस खडखडीत उभा राहतो. माझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे माझा उजवा पाय आधी आला, आणि डाव्यानं यायचं की नाही यावर बराच विचार केला. म्हणून सगळा गुण उजव्यात.

बढाई मारत नाही, पण या उजव्या पायाची कीर्ती फार मोठी. आमचे चेअरमन एरवी मला 'इंद्र्या' म्हणतात. कंबर धरली की 'इंद्रभानजी' म्हणतात. एकदा तर फौजदारसाहेबांना मी त्यांच्याच ठाण्यात, त्यांच्याच शिपायांसमोर लाथा मारल्या, आणि साहेब वर मला 'थँक्यू' म्हणाले. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नव्या राज्यात फौजदाराला लाथ मारून चहा पिऊन घरी आलेला माणूस दुसरा कोणी असेल तर मला दाखवा.

एवढा मान सांभाळायचा म्हणजे पथ्यही आलं. मी पायात काही घालत नसे. चामड्यानं पायातला गुण मरतो. (असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला आपलं वाटलं.) काळ्या मातीतून, कापसाच्या पऱ्हाटीच्या खुंटांतून, तापलेल्या सडकेवरून मी वर्षानुवर्षं अनवाणी फिरलो, आणि एके दिवशी सकाळी बाजेवरून खाली पाय टेकवला तर डाव्या टाचेत कुणीतरी खिळा ठोकला.

"माय वं!" मी ओरडलो.

"काय झालं?" माझी बायको पंचफुला चुलीपासून म्हणाली.

"काई नाई. पाय लवकर टेकला."

थोडं चाललं की दुखणं कमी व्हायचं, बसून उठलं की परत खिळा. आता तुम्हीच सांगा, पायाळूचाच पाय दुखतो हे गावात कळलं असतं तर माझं काय राहिलं असतं? ज्याला स्वतःची टाच नीट करता येत नाही, त्याच्यापुढे कोण कंबर घेऊन येणार? चेअरमनांचा पुन्हा 'इंद्र्या' सुरू झाला असता, तोही कायमचा. मी ठरवलं, हे दुखणं घराबाहेर जाऊ द्यायचं नाही.

सोसायटीच्या कामाचं निमित्त करून मी एसटीनं नांदुऱ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी टाच अंगठ्यानं दाबली. मी टेबलावरून अर्धा उठलो. ते म्हणाले, "घाबरू नका. घरीच बरं होईल. विटेनं शेका, बाटलीवर तळवा फिरवा, अनवाणी चालणं बंद करा आणि मऊ चप्पल वापरा. महिना-दोन महिने धीर धरा. त्यानंही नाहीच गेलं तर मग ऑपरेशनचं बघू."

एवढ्या लांबलचक सल्ल्यातला मला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला. परतीच्या गाडीत मी घामानं निथळत होतो. पायाळूच्या पायाला सुरी!

"डावाच त हाये," पंचफुला म्हणाली. "तुमचा देव उजव्यात राह्यते ना?"

"अवं, दोन्ही एकाच माणसाचे हायेत!"

तिनं वाद घातला नाही. चुलीत वीट तापवली, रुईच्या पानाला तेल लावलं, जुनं धोतर फाडून घडी केली. ती घडी विटेवर ठेवायची असते, हे तिनं सांगायच्या आत मी टाच विटेवर ठेवली.

मी जो ओरडलो, त्यानं कुंपणापलीकडच्या केसरबाई अंगणात आल्या. (केसरबाईंना कळलेली गोष्ट आणि दवंडी यात फरक एवढाच, की दवंडीवाला पैसे घेतो.)

"काय झालं वं पंचफुले? कोण वरडलं?"

"बोका हाये," पंचफुला म्हणाली. "चुलीत तोंड घालून राह्यला होता."

दुसऱ्या दिवसापासून शेक नीट सुरू झाला. सोसायटीत टेबलाखाली सोड्याच्या बाटलीवर मी तळवा फिरवू लागलो. एकदा बाटली निसटली आणि गडगडत थेट चेअरमनांच्या पायाशी गेली. दारूबंदीचे दिवस. त्यांनी बाटली उचलली, हुंगली, माझ्याकडे पाहिलं, परत हुंगली. मी खोटंच शिंकलो आणि बाहेर गेलो.

राहिला प्रश्न चपलेचा. अनवाणी चालावं तर टाच जाते, चप्पल घालावी तर गुण जातो. विचार करता करता मला एकदम सुचलं. गुण उजव्यात आहे ना? मग उजवा मोकळा! दुखणं डाव्यात आहे ना? मग डाव्यात चप्पल! माझी मलाच पाठ थोपटावीशी वाटली. टायरच्या जाड तळाची एकच चप्पल मी करवून घेतली, टाचेखाली कापसाची गादी बसवून. शिवणारा दुसऱ्या पायाचं माप घ्यायला लागला, तेव्हा मी पाय मागे घेतला.

पंचफुलेनं मला अंगणात दोन चकरा मारताना पाहिलं.

"अवो, एक पाय उंच, एक पाय खाली. बंडीले एक चाक मोठं अन एक लहान बसवलं त बंडी चालंन का? कंबर जाईन तुमची."

"माही कंबर? अवं, लोकायच्या कंबरा नीट करतो मी! पायाळूतलं तुले काय समजते?"

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, हसली, आणि भाकरी थापायला लागली. ते हसणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गावात पहिल्याच दिवशी लोकांनी विचारलं, "काय इंद्रभान, दुसरी चप्पल कुत्र्यानं नेली का?"

मी थांबलो. घसा साफ केला. म्हणालो, "जमिनीतली ताकद उजव्या पायातून वर चढते, अन डाव्यातून निंघून जाते. म्हून डाव्याले बूच मारलं."

पारावरची माणसं वाकून माझ्या पायांकडे बघू लागली. मग एकेक मान हलू लागली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पाह्य! अभ्यास हाये त्याचा." त्या दिवशी मी घरी आलो तो जमिनीला पाय न लागता आलो. (डावा तर लागतच नव्हता.) आणि खरं सांगायचं तर शेकानं, बाटलीनं आणि गादीनं टाच सुधारत चालली होती. फक्त कंबर जरा ओढल्यासारखी वाटायची. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

अशात सरपंच हिंमतरावांच्या मुलीचा साखरपुडा आला. खामगावचे पाहुणे यायची वेळ, आणि हिंमतराव गुळाची भेली उचलायला वाकले ते वाकलेच. मला बोलावणं आलं. मी डौलात निघालो. पाहुणे ओसरीवर येऊन बसले होते. मधोमध चादरीवर हिंमतराव उपडे पडले होते आणि व्याह्यांशी चादरीतूनच बोलत होते.

"ये रे बापा इंद्रभान! पाहुण्यायपुढे लाज राख माही."

ओसरीवर पूजा मांडलेली. चप्पल उंबऱ्याबाहेर काढावी लागली. फरशीवर डावा पाय टेकला आणि खिळ्यानं 'मी आहे हं अजून' अशी आठवण करून दिली. मी हसतमुखानं पहिली लाथ मारली. दुसरी मारली. खामगावचे पाहुणे माना उंच करून बघत होते. आता मला सांगा, खामगावचे पाहुणे बघत असताना तिसरी लाथ कुणी साधी मारेल का? मी उजवा पाय चांगला कंबरेएवढा उचलला. सगळा भार डाव्या टाचेवर आला. टाचेतून कळ निघाली ती थेट कंबरेत शिरली, तिथे 'कट्' झालं, आणि मी अख्खाच्या अख्खा हिंमतरावांवर पडलो.

"मेलो बे!" हिंमतराव ओरडले, आणि मला झटकून ताडकन उभे राहिले. चक्क सरळ!

ओसरीवर एकच गलका झाला. "उभे राह्यले! सरपंच उभे राह्यले!" खामगावचे व्याही हात जोडून म्हणाले, "पूर्ण आंग टाकतात का तुमच्याकडे? आमच्याकडचे नुसते पाय लावतात."

मी मात्र चादरीवरून उठलो तो काटकोनात. सरळ होताच येईना.

"पाहा, पाहा," हिंमतराव पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "एवढा गुण हाये पायात, पण माणूस कसा वाकून राह्यला! याले म्हणतात नम्रता!"

लोकांनी मला नमस्कार केले. मी आधीच वाकलेला होतो, नुसते हात जोडत गेलो. चप्पल कशीबशी पायात अडकवली आणि ओसरीपासून घरापर्यंत सगळ्या वडनेरला वाकून नमस्कार करत आलो. वाटेत कचरूच्या म्हशीलाही केला. माझी इतकी इज्जत गावात कधी झाली नव्हती, आणि इतकी कंबरही कधी दुखली नव्हती.

घरात शिरताच मी म्हणालो, "पंचफुले, मेलो."

तिनं मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "चमक भरली. बंडी बसली का नाई? आता तुमच्या कमरेवर कोण पाय मारंन?"

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. स्वतःच्या कंबरेवर स्वतःची लाथ बसत नाही. (करून पाहिलं. त्यात जास्तच दुखलं.) दुसरा पायाळू मलकापूरचा, माझा कट्टर वैरी. त्याच्यापुढे उपडा पडण्यापेक्षा मी जन्मभर जमिनीकडे बघत जगलो असतो. मी तसं बोलूनही दाखवलं. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं.

"उपडे निजा," पंचफुला म्हणाली.

"काऊन?"

"निजा म्हटलं ना!"

मी निजलो. तिनं लुगडं खोचलं. पहिली लाथ हलकी बसली. दुसरी जरा विचारपूर्वक बसली. तिसरीत मात्र सासरच्या सगळ्या वर्षांची आठवण असावी. 'कट्' झालं, आणि मी ताडकन उभा राहिलो. सरळ! कळ नाही, काही नाही.

"तू..." मी कंबर चाचपत म्हणालो.

"मी बी पायाळू हाये. माहे दोन्ही पाय संगं आलते."

दोन्ही! एकदम! माझा एकच, दुसरा अर्ध्या मनानं!

"मंग इतके दिवस सांगतलं काऊन नाई?"

"सोयरीक कराले आले तवाच तुमच्या मायनं तुमच्या पायाचं इतकं सांगतलं, का माही माय मले म्हणे, तू चूप राह्य." ती लुगडं सारखं करत म्हणाली, "अन तुम्ही लाथा मारून घरी येता तवा कसे छाती काढून येता! मले लय चांगलं वाटे ते पाहाले. कायले घालवू?"

माझी छाती भरून आली. अशी बायको साऱ्या जिल्ह्यात कुणाला नसेल. मी तिला काहीतरी गोड बोलणार, तेवढ्यात दारात भांडं वाजलं. केसरबाई साखरपुड्याचे लाडू घेऊन उभ्या होत्या. येता येता त्यांनी कुंपणावरून नेमकी तिसरी लाथ पाहिली होती, पुढचं बोलणं काही कानावर आलं नव्हतं. "माय वं!" एवढंच म्हणून त्या गेल्या. लाडू घेऊनच गेल्या.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं, पंचफुलेनं इंद्रभानला उपडा पाडून लाथा घातल्या.

"खरं सांगून टाका," पंचफुला म्हणाली. "मी पायाळू हाये म्हना."

मी विचार केला. खरं सांगावं तर माझी कंबर अडकली होती हे आलं, टाच आली, दोन पायांची पायाळू घरातच आहे हेही आलं. मग माझ्या एका पायाला कोण विचारणार? न सांगावं तर बायकोच्या लाथा खाणारा नवरा ठरतो. पण तसे नवरे प्रत्येक गल्लीत आहेत, पायाळू एकच आहे. मी ताठ मानेनं पारावर गेलो आणि सर्वांसमोर म्हणालो, "हाव. घातल्या लाथा. माहा घरचा मामला हाये." कुणी हसलं नाही. निदान माझ्यासमोर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दारात ही गर्दी! माझा मान अजून शाबूत होता तर! मी उजवा पाय धुतला, पुसला, बाहेर आलो. सगळ्यात पुढे हिंमतराव, परत वाकलेले.

"बाजूले सर बे," ते म्हणाले. "तुह्या लाथेनं मी उभा राह्यलो खरा, पण पंगतीत बसलो अन पुन्हा अडकलो. तुले काल म्या माह्या घरून वाकून जाताना पाह्यलं. पारावर आला तं कसा खांबासारखा सरळ! तेवढ्यात लाथा कोणाच्या बसल्या, साऱ्या गावाले माहीत हाये. वहिनीले बलाव."

पंचफुला बाहेर आली. तिनं लुगडं खोचलं, तोल सांभाळायला माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ते एका पायातली चप्पल काढा आधी. खांदा वाकडा होते तुमचा."

हल्ली मी दोन्ही पायांत चपला घालतो. टाच कापाकापी न करता साफ बरी झाली, आणि पंचफुलेचं नाव पार अकोल्यापर्यंत गेलं. मला तिचा अभिमान आहे, आणि तो मी विचारल्याशिवायही सांगतो. परवा फौजदारसाहेब आले, कंबर धरून. मी पुढे होऊन, जुन्या सवयीनं, उजवा पाय चपलेतून काढला.

साहेबांनी बाजेवर टेकून आपलेच दोन्ही पाय माझ्यापुढे केले आणि म्हणाले, "मला वाकता येत नाही. एवढे बूट काढा, आणि बाईंना सांगा मी आलोय."