बरोबर तीनशे बाराला

"ही वीज मुद्दाम जाते. माझ्याशी वैर आहे तिचं," बाबा बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरकडे बघत पुटपुटले. शेजारीच शिलाई मशीनवर बसलेली सून नको तितक्या एकाग्रतेनं सुईत दोरा ओवू लागली.

वीज बिचारी निर्दोष होती. रेडिओवर रहस्यनाटकं लागत त्या काळात बाबांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरादाराला श्वास रोखायला लावून बावीस कॅसेटी भरल्या होत्या. त्यातली जिवापाड जपलेली कॅसेट म्हणजे 'सातवा पाहुणा'. आणि नेमका तिचाच शेवट सुनेच्या हातून पुसला गेला.

मापं घेताना पेन्सिल सापडेना, की ती टेपची बटणं दाबून मापं मोठ्यानं बोलायची, मग सावकाश वहीत उतरवायची. त्या दिवशी गिऱ्हाईक घाईत होतं. आत कोणती कॅसेट आहे, हे बघायचं राहून गेलं.

"सांगून टाक ना त्यांना," नवरा म्हणाला.

"तू सांग. वडील तुझे आहेत."

"पुसलीस तू!"

शेवटी कोणीच सांगितलं नाही. रविवारी नाटक शेवटाला आलं तसा नवरा हळूच बाहेर गेला आणि त्यानं मेन स्विच पाडला. रहस्य तुकड्यातुकड्यांनी ऐकायचं नसतं, हा बाबांचा नियम. ते चरफडत फिरायला गेले. सासूबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी पंप लावून टाकी तरी भरून घ्या रे!"

असे तीन रविवार गेले. तिसऱ्यांदा मात्र बाबांनी चष्मा चढवला.

"तिन्ही वेळा टेपच्या काउंटरवरचा आकडा तीनशे बारा! आणि शेजाऱ्यांचा पंखा मजेत फिरतोय. यात काहीतरी काळंबेरं आहे."

चौथ्या रविवारी त्यांनी वायरमनला बोलावलं. त्यानं सगळं घर तपासलं. "वायरिंग ठणठणीत आहे, काका."

"मग दाराबाहेरच्या मेन स्विचपाशी उभा राहा. कोणालाही हात लावू देऊ नकोस."

वायरमन पाठ टेकून उभा राहिला आणि नाटकात पार गुंगला. नवरा पाणी प्यायला म्हणून तीनदा उठला. तिन्ही वेळा वायरमननं ओठांवर बोट ठेवून त्याला परत पाठवलं. सुनेच्या हातातला ब्लाउज दोनदा उलटा शिवून झाला.

तीनशे नऊ. तीनशे दहा. गुप्तहेर खाकरला. "सभ्य गृहस्थहो, खुनी याच खोलीत आहे. आणि तो म्हणजे..."

"छाती छत्तीस, मुंढा सोळा, गळा जरा मोठा," सुनेचा आवाज खणखणीत आला. "अहो ताई, श्वास सोडा ना!"

खोलीत मात्र कोणीच श्वास सोडला नाही.

"मीच पुसलं, बाबा," सुनेनं ब्लाउज खाली ठेवला. "चुकून झालं. तुम्हाला सांगायचा धीरच होईना."

बाबांनी टेप बंद केला. कॅसेट बाहेर काढून उलटसुलट केली. 

"अहो, पण खून केला कोणी?" वायरमन व्याकुळ होऊन म्हणाला.

"माळ्याच्या जुळ्या भावानं," बाबा म्हणाले.

"जुळा भाऊ? तो कुठनं आला?"

"तेच तर! साऱ्या नाटकात त्याचं नावसुद्धा नाही." बाबांनी बायकोकडे, मुलाकडे आणि मग सुनेकडे पाहिलं. तिघांनीही माना खाली घातल्या होत्या. "इतकी वर्षं ऐकून ऐकून सगळे 'वा, वा' करत आलो. पण खरं सांगू का? शेवट अगदीच भिकार होता."