शाई संपवणारा माणूस

एका कार्यालयात एक कारकून एकोणीस वर्षे कागदांवर ‘पाहिले’ असा शिक्का मारत होता. यात कोणालाच काही गैर वाटत नव्हते. त्यालाही नाही.

मंगळवारी जेवताना मुलीने विचारले, “बाबा, तुम्ही नेमकं काय करता? सोमवारी वर्गात सांगायचंय. माझ्या बाकावरचीचे बाबा दात काढतात.”

“शिक्का मारतो.”

“त्याने काय होतं?”



“पगार होतो,” बायको म्हणाली. “जेवा गुपचूप.”

पण किडा वळवळला तो वळवळलाच. आपल्यावाचून काय अडते ते बघावे, म्हणून बुधवारपासून त्याने शिक्काच मारला नाही. दोन दिवस काही म्हणता काही अडले नाही. पंखे फिरत होते, चहा येत होता.

शुक्रवारी शेजारच्या टेबलावरचा मोजणी कारकून खेकसला, “अहो, तुम्ही शिक्के मारले नाहीत तर मी मोजू काय, कप्पाळ?”

अडले! कारकुनाला भरून आले. त्या आनंदात त्याने एकोणीस वर्षांत प्रथमच एक कागद वाचला. शिक्क्याच्या शाईचे मागणीपत्र होते. दुसरा वाचला. तेच. अख्खा गठ्ठा तोच.

तो साहेबांकडे धावला. “साहेब, शाई मागवायच्या कागदावर शिक्के मारूनच शाई संपते, म्हणून आपण पुन्हा शाई मागवतो!”

साहेब पांढरे पडले. “वाचलंत? तुमचं पद पाहण्याचं आहे. वाचायची परवानगी कुणी दिली?”

तासाभरात कारणे दाखवा नोटीस हातात पडली. त्याने जीव ओतून चार पानी खुलासा लिहिला. शेवटचे वाक्य : ‘माझ्या कामाचा उपयोग काय, हे कृपया कळवावे.’

खुलासा रीतसर वर गेला, रीतसर खाली आला आणि शनिवारी त्याच्याच टेबलावर पडला. तीन दिवसांचे काम तुंबले होते. धपाधप शिक्के मारताना त्याने त्यावरही मारला. बरोबर शेवटच्या वाक्यावर. वाचले नाही.

शुक्रवारची हकिकत घरी ऐकलेल्या मुलीने सोमवारी वर्गात सांगितले, “माझे बाबा शाई संपवतात.” तेच वहीत लिहून दिले. बाईंपुढे साठ वह्या होत्या. त्यांनी लाल शाईने लिहिले, ‘पाहिले’.

तुम्ही हसलात ना? हसा. फक्त उद्या सकाळी डबा घेऊन धावत कुठे निघणार आहात, तेवढे घरातल्या लहान पोराला एका वाक्यात सांगून निघा.