एकशे बारा इंजिनं आणि नंबर एकाचाही नाही

अठ्ठावीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासतोय. शेवटच्या बाकावर कुणी मान वळवली तरी मला फळ्याकडे तोंड करून कळतं! तेव्हा माझ्याच पुस्तकात चूक? नाव काढू नका! छापखान्याच्या मालकांना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माझी सही झाली की डोळे मिटून छापा."

छापलं त्यांनी. डोळे मिटूनच छापलं!

पुस्तक फोटोंचं. जुनी डिझेल आणि विजेची इंजिनं, एकूण एकशे बारा. एकेका फोटोसाठी मी यार्डाच्या कुंपणाला चिकटून भर उन्हात उभा राहिलोय. रखवालदाराने दोनदा हाकललंय. आणि हा सगळा खटाटोप कुणासाठी, तर सासऱ्यांसाठी! सासरे, म्हणजे आमचे बाबा, इंजिन ड्रायव्हर. एकोणीस वर्षं त्यांनी एकच डिझेल इंजिन चालवलं, नंबर एक्केचाळीसशे सात. ते केव्हाच भंगारात गेलं. आता ते उरलंय फक्त माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर. बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला संध्याकाळी पाच वाजता त्यांचे जुने सोबती घरी जमणार होते आणि तेव्हा मी पुस्तक त्यांच्या हातात ठेवणार होतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण या माणसाने मला एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही. आज म्हणायला लावायचंच!

सकाळी दहाला गठ्ठे आले. वरची प्रत काढून थेट सत्तेचाळीस उघडलं. इंजिन होतं. रंग सुरेख उठला होता. नंबर नव्हता!

नंबराच्या जागी नुसता गुळगुळीत निळा रंग. पुढचं पान उघडलं, तिथेही तेच. नव्वद उघडलं, तेच! फोटोत दिसतोच की, म्हणून खाली मी नुसतं साल छापलं होतं. म्हणजे अख्ख्या पुस्तकात नंबर कुठेच नाही!

"अहो, इंजिन दिसतंय ना छान," बायको म्हणाली.

"छान? अगं, नंबर नसेल तर इंजिन आणि लोखंडी कपाट यात फरक काय?"

"ओरडू नका. बाबा आत आहेत."

मी स्कूटर काढली आणि तडक छापखाना गाठला. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बाई निवांत चहा पीत होत्या.

"नंबर कुठे गेले?"

"काढले ना!" बाई अगदी खुशीत म्हणाल्या. "चार दिवस बसले होते. मान धरली हो माझी!"

"पण काढायला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं? आम्ही जुन्या मोटारींच्या विक्रीची पुस्तकं छापतो. गाडीचा फोटो आला की नंबर पुसायचा, ही इथली पद्धतच आहे. उगाच गाडीच्या मालकाला त्रास नको."

"बाई, ती रेल्वेची इंजिनं आहेत! त्यांच्या मालकाला कोण घरी जाऊन त्रास देणार?"

"ते मला काय माहीत? उलट तुमच्या गाड्यांना पुढे नंबर, मागे नंबर, दोन्ही कुशींना नंबर! मोटारवाले बरे, दोनच असतात."

माझं टाळकंच सरकलं. मी टेबलावर हात आपटला, कप उडाला, चहा कीबोर्डवर. बाई किंचाळल्या. आतलं यंत्र थांबलं आणि मालक हात पुसत बाहेर आले.

"प्रूफं काढा!" मी गरजलो. "मी सही केलेली! त्यात नंबर नसतील तर नाव बदलेन!"

मालकांनी मुकाट्याने फाइल समोर ठेवली. पान एक, नंबर नाही, खाली माझी सही. पान सत्तेचाळीस, नंबर नाही, खाली माझी झोकदार सही. माझा आवाज एकेक पायरी उतरत गेला.

"एकच दुरुस्ती होती सर तुमची," मालक म्हणाले आणि त्यांनी शेवटचा कागद उलटला. मागच्या कव्हरवरचा माझा फोटो. त्यावर लाल शाईचा बाण आणि माझंच अक्षर: 'केस जरा दाट करावेत.'

"केलेत," बाई कीबोर्ड पुसत फणकाऱ्याने म्हणाल्या.

पाचपर्यंत पुन्हा छापणं शक्यच नव्हतं. घरी येऊन मी बायकोवर चिडलो, गठ्ठ्याच्या सुतळीवर चिडलो, घड्याळावर चिडलो. स्वतःवर तेवढा चिडलो नाही, कारण तेवढ्यात पाच वाजले.

पाच म्हातारे ड्रायव्हर बसले होते. मधल्या खुर्चीत इस्त्रीच्या शर्टात बाबा. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि गृहपाठ न केलेल्या मुलासारखा उभा राहिलो.

"बाबा, त्या छापखानेवाल्या लोकांनी..."

बाबांनी हात वर केला. एकेक पान उलटत ते सत्तेचाळीसवर आले आणि थांबले. फोटोतल्या इंजिनाच्या दाराखालच्या पायरीवर बोट ठेवलं.

"ही वाकलीय बघा. मीच वाकवली होती, पहिल्याच वर्षी. साहेबाने काय झापलं होतं मला!" बाबांनी पायरीवरून बोट फिरवलं. "एक्केचाळीसशे सात. माझी गाडी."

मग काय, बाकीचे प्रतींवर तुटूनच पडले! "हे माझं! डावा भोंगा बघ, चेपलेला!" "हट्, ते माझं! काचेला तडा मी पाडला!" बायकोने पेनं वाटली. दगडासारखी ही माणसं, पण पानापानावर नंबर लिहिताना लहान मुलांसारखी भांडत होती.

"नंबर छापला असता तर नुसता वाचून पान उलटलं असतं," एक जण डोळे पुसत म्हणाला.

माझी छाती फुगली. आता शाब्बास येणार! बाबांनी पुस्तक मिटलं, उलटं केलं आणि मागचं कव्हर डोळ्यांजवळ नेलं.

"इंजिनं सगळी ओळखली, जावईबापू," ते म्हणाले. "पण मागे हा केसाळ माणूस कोण छापलाय?"