उसवलेला झिम्मा

बायकोबरोबर मी शेवटचं काय केलं, तर झिम्मा खेळलो. तोही उजव्या पायाला लाटणं बांधून.

"गुडघा वाकवू नका हं," ही म्हणाली. "शाळेतल्या मुन्नीचा वाकत नाही."

मी जन्माचा आचारी. ब्रह्माघाटावरच्या मराठी घरांत लग्नंमुंजी जेवू घातल्या, पण लाटण्याचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता.

ही पलीकडच्या गल्लीतल्या हिंदी शाळेत कवायत शिकवायची. लंगडी-लुळी पोरं त्या तासाला बाकीच्यांच्या चपला राखत बसायची. हिला ते सोसेना. म्हणाली, "परकर घट्ट झाला तर पोरीला कापता का? उसवताच ना? मग खेळही उसवा." आणि मंगळागौरीचे सगळे खेळ उसवायला घेतले. फुगडी बसून. ज्याला दिसत नाही त्याच्या जोडीदाराच्या पायात घुंगरू. हात उचलत नसेल तर टाळी मांडीवर.

प्रत्येक खेळ आधी माझ्यावर. डोळे बांधून मी एकदा वरणाच्या पातेल्यात बसलो. समोरच्या खिडकीतून बाळंभट ओरडले, "काय आचारी, या वयात मंगळागौर?"

"तुम्हीही या भटजी," ही म्हणाली. "पोटामुळे वाकता न येणाऱ्यांचा खेळ अजून बसवायचाय."

माझं मात्र कधी कौतुक नाही. "लाकूड आहात नुसते," एवढंच.

हेडमास्तरांनी हिला बजावलं होतं, "माईजी, आप हैं तब तक." म्हणजे ही आली नाही की पोरं परत चपलांपाशी. म्हणून तापातसुद्धा जायची.

त्या लाटण्याच्या झिम्म्यानंतर पहाटे ही झोपेतच गेली. दुपारपर्यंत घाटावरचं सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेकडे निघालो. बाळंभट आडवे आले. "अहो, सुतक आहे! कुणाला शिवायचं नाही."

"शिवत नाही. फाटकाबाहेरून सांगतो."

खरंच बाहेर उभा राहिलो. आत पोरं चपलांपाशी बसलेली. मी ओरडलो, "उठो सब! झिम्मा!" हेडमास्तर बघतच राहिले. पोरं उठली, भिंतीला धरून, एकमेकांना धरून. मुन्नी लोखंडी पट्ट्यांचा पाय ओढत फाटकाशी आली.

"बाबा, अंदर आइए. माईजी कहती थीं, आप सबसे अच्छा खेलते हैं."

सुतक आठवून मी एक पाऊल मागे सरलो.

"हाथ दीजिए न. अकेले गिर जाऊँगी."

मी फाटक उघडलं आणि तिचा हात धरला.